तबल्याच्या मशीनवर मैफल रंगत नाही: झाँ-ल्यूक पाँटीचे अल्बम

ठाण्याच्या नौपाड्यात घरीच माझा व्हायोलिनचा क्लास असतो. आपलं हिंदुस्थानी व्हायोलिन, मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून वाजवायचं. मागच्या दिवाळीनंतर बारावीतल्या एका विद्यार्थ्याने मोबाइल पुढे केला. "ताई, ऐका आणि ओळखा, कुठलं वाद्य?" मी छातीठोकपणे सॅक्सोफोन म्हटलं. तीस वर्षं शिकवतेय, आणि व्हायोलिन ओळखता आलं नाही! पोरगं अजून त्यावरून चिडवतं.

वाजवणारा होता फ्रान्सचा झाँ-ल्यूक पाँटी. जन्म 1942चा, वडील व्हायोलिनचे शिक्षक. पॅरिसच्या कॉन्झर्वेटोअर या संगीत विद्यालयातून 1960 साली पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडला, तीन वर्षं सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि मग जॅझच्या नादी लागला. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनही वाजवायचा. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते! गज व्हायोलिनवर फिरत असला तरी वाक्यं फुंकीच्या वाद्याची. सूर सरळ लागतो, पाश्चात्त्य व्हायोलिनमधली ती सततची थरथर जवळजवळ नाहीच. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, तीही बेताचीच. आम्ही जन्मभर दोन सुरांमधली जागा भरत बसतो, हा बाबा ती मोकळी सोडतो. पहिले काही दिवस मला ते कोरडं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपाबरोबर आणि नंतर गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये वाजवून झाल्यावर 1975 पासून त्याने अटलांटिक कंपनीसाठी स्वतःच्या नावाने वर्षाला साधारण एक रेकॉर्ड काढली. दुकानात त्या जॅझच्या खणात असतात. पण चार-चार भागांच्या लांब रचना, सिंथेसायझर, समुद्र नि अंतराळाची नावं हे सगळं पाहता माझ्या मते त्यांची जागा प्रोग्रेसिव्ह रॉकच्याच खणात. आठवड्यातून दोनदा मी वाशीला शिकवायला जाते. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये हेडफोन लावून गेले काही महिने या रेकॉर्डी ओळीने ऐकल्या.

एकच घ्यायची तर 'एनिग्मॅटिक ओशन' (1977) घ्या. यात दोन गिटार आहेत, डॅरिल स्टर्मर आणि अ‍ॅलन होल्ड्सवर्थ. होल्ड्सवर्थला लहानपणी खरं तर सॅक्सोफोन हवा होता, हाती आली गिटार. तो गिटारचे सूर असे घरंगळत नेतो की मला ती मींड वाटते. गंमत बघा, व्हायोलिनवाला सॅक्सोफोनसारखा तोडून वाजवतोय आणि गिटारवाला गजाने वाजवल्यासारखा. शीर्षकरचनेत एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं, असा सवाल-जवाब रंगतो. ड्रम्सवर स्टीव्ह स्मिथ. तो नुसता ठेका धरत नाही, अंगावर येतो. चांगला तबलजी गायकाला जसा थोडा त्रास देतो ना, तसा. ऐरोली स्टेशन कधी गेलं कळत नाही. त्यातलंच 'मिराज' मात्र संथ. बास गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, तबल्याच्या साथीला एकच धून फिरत ठेवतात त्या लेहऱ्यासारखा, आणि त्यावर व्हायोलिन निवांत चालतं. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी.

'इमॅजिनरी व्हॉयेज' (1976) दुसरी. तिच्यात 'न्यू कंट्री' म्हणून अमेरिकी खेड्यातल्या नाचाच्या चालीचा एक तुकडा आहे. घणसोलीला मी पायाने ताल धरला, तर शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. 'कॉस्मिक मेसेंजर' (1978) ठीक. इको थोडा कमी चालला असता.

'इंडिव्हिज्युअल चॉइस' (1983) मला सोसत नाही. बराचसा भाग सीक्वेन्सरवर, म्हणजे भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर उभा आहे. रियाजाला आम्ही तबल्याचं मशीन लावतो, तो ठेका कधी चुकत नाही, पण एखादी जागा छान घेतली तर 'वाह' म्हणून वरचढ तुकडाही टाकत नाही. पाँटीचा हात तोच, स्वच्छ नि तयार. समोर भांडायला कोणी नाही म्हणून सगळं गुळगुळीत. काहींना हाच काळ आवडतो, आवडो. पुढे 1991च्या 'चोकोला'त पश्चिम आफ्रिकेचे वादक घेतल्यावर पुन्हा जान येते.

आता एलपीची, म्हणजे सुईवर वाजणाऱ्या मोठ्या तबकडीची रड. मोबाइलवर ऐकून समाधान होईना म्हणून एका दुकानातून 'एनिग्मॅटिक ओशन'ची जुनी प्रत आणली. कव्हर झकास, दुसऱ्या बाजूला ओरखडा. तिथे एका कासवाच्या समुद्राकडे धडपडण्यावर तीन भागांची रचना आहे. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही पहाटे कासवाची पिल्लं पाहिली होती. ती बोटभर पिल्लं पाण्यापर्यंत पोचतात, लाट येते आणि त्यांना पुन्हा वाळूत मागे फेकते. ही रचना ऐकताना मला तेच किनाऱ्यावरचं दृश्य दिसतं. आणि माझ्या प्रतीत सुई नेमकी याच रचनेत अडकते, मागे उडी मारते, पुन्हा तेच चार ठोके. बदलून मागितली तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुना माल आहे, थोडं चालायचंच." पैसेही नाहीत, बदलीही नाही. तेव्हा जुनी एलपी घेणार असाल तर दुकानातच दोन्ही बाजू लावून ऐका, लाजू नका.

आमच्या त्या बारावीच्या पोराने मात्र त्या अडकलेल्या चार ठोक्यांवर विलंबित गजाने यमनचे आलाप सुरू केले. मी हात मारून सुई पुढे ढकलणार होते, त्याने थांबवलं. "असू द्या ताई, लेहरा आहे."