लेगलॉकमधून सुटका: ‘आधी गुडघा, मग टाच’ पद्धत काही महिने वापरल्यावर

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या नो-गी (जाड जॅकेटचा ‘गी’ न घालता खेळायच्या) वर्गात गेले काही महिने मी लेगलॉकच्या, म्हणजे पायावरच्या पकडींच्या, बचावाची एकच पद्धत धरून बसलोय. हील हुक (टाच पकडून पाय पिरगळण्याचा डाव) येतोय असं दिसलं की टाचेशी झोंबत बसायचं नाही, समोरच्याच्या मांड्यांच्या कात्रीतून आधी स्वतःचा गुडघा बाहेर काढायचा. मनापासून सांगतो, ही पद्धत शिकाच.

हील हुकमध्ये पिरगळली जाते टाच, पण फाटतात गुडघ्याचे लिगामेंट. त्याच्या पायांनी माझी मांडी गुडघ्याच्या वर जखडली असेल तरच तो पीळ गुडघ्यात उतरतो. गुडघा त्या पकडीतून सुटला की अख्खा पाय फिरतो आणि त्याचा जोर वाया जातो. शिवाय इथे दुखेपर्यंत थांबून चालत नाही, कारण दुखायच्या आधीच इजा झालेली असू शकते.

साध्या अँकल लॉकवर (पाऊल काखेत धरून घोटा ताणायचा डाव) सगळ्यात लवकर गुण आला. पावलाची बोटं आपल्याकडे ओढून पाय त्याच्या काखेत आणखी खोल घालायचा, म्हणजे त्याची पकड टाचेवरून पोटरीकडे सरकते. मग आपल्या कमरेवर टेकवलेलं त्याचं पाऊल हातानं ढकलून काढायचं आणि उठून अंगावर जायचं. नव्या माणसालाही हे जमतं.

सॅडल नावाची पायांची पकड मात्र घाम काढते. त्याच्या पायांचा त्रिकोण बंद, माझा पाय त्याच्या अंगापलीकडे ओढलेला. इथे मी मोकळा पाय त्याच्या हाती लागू देत नाही, एका हातानं त्याचा मनगटाचा ग्रिप तोडत राहतो आणि दुसऱ्या हातानं त्रिकोण बंद करणारं पाऊल ढकलतो. ते पाऊल सुटलं की कंबर मागे सरकवत गुडघा खेचायचा. टाच त्याच्या कोपराच्या खाचेत पक्की बसली असेल तर यातलं काहीच चालत नाही, सरळ टॅप करा, म्हणजे थोपटून हार माना.

आमच्याकडे तालमीतून आलेले काही जण आहेत. पाठ टेकवायची नाही हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की पाय अडकताच ते झटकन पालथे होतात. चुकीच्या दिशेनं असं वळलं तर पीळ आपणच वाढवतो. त्यांना आधी ढुंगणावर बसायला शिकवावं लागतं, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.

सुटायच्या ऐवजी त्याच्याच पायावर उलट डाव टाकण्याबद्दल माझं मत सावध आहे. २०१९च्या एडीसीसी या नो-गी ग्रॅपलिंगच्या मोठ्या स्पर्धेत ७७ किलो गटातल्या लॅकलन गाइल्स या खेळाडूनं ॲब्सोल्यूटमध्ये (वजनाची अट नसलेल्या गटात) कितीतरी जड मल्लांना हील हुकनं टॅप करायला लावून कांस्य मिळवलं, ते पाहून सगळ्यांचे हात शिवशिवतात. पण आपली टाच उघडी असताना त्याची टाच शोधणं म्हणजे आधी कोण पिरगळतो याची शर्यत. गुडघा सुटल्यावरच त्याच्या पायाकडे वळावं.

२०२१पासून आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढ नो-गी गटांत हील हुकला परवानगी दिलीय, तेव्हा ‘आमच्या स्पर्धेत चालत नाही’ म्हणून हा सराव टाळू नका. पार्टनरशी आधीच ठरवा: पकड बसली की थांबायचं, पिरगळायचं नाही.

फिफ्टी-फिफ्टी नावाच्या स्थितीत ही पद्धत अजून तोकडी पडते. दोघांचे पाय सारखेच गुंतलेले असल्यानं गुडघा काढायला जागाच मिळत नाही. तिथे सध्या मी फक्त ग्रिप तोडत टाच लपवतो आणि तो पाय बदलायला जाईल त्या क्षणाची वाट पाहतो.