१४४१६ लावण्याआधी आणि लावल्यावर: सांगली जिल्ह्यातल्या घरांसाठी टेली मानसची पारख

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. हाडाचा, हृदयाचा, किडनीचा डॉक्टर एका फेरीत गाठता येतो. म्हणून छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, डोकं गच्च होणं अशी तक्रार असली की माणूस आधी मिरजेलाच जातो. ईसीजी होतो, टूडी इको होतो, थायरॉइड तपासला जातो, आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून तो परत जतच्या एसटीत बसतो. धडधड तशीच. आता पुढे कुणाकडे जायचं, हे त्याला सांगू शकणारी सरकारी सेवा म्हणजे टेली मानस, मनाच्या दुखण्यांसाठीची फोनसेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला ती देशभर सुरू झाली. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, पूर्ण मोफत, वीस भाषांत. कामाची धुरा बंगळुरूच्या निम्हान्सकडे, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे.

मत आधीच सांगून टाकतो. पहिलं पाऊल म्हणून सेवा उत्तम आहे. उदासी, भीती, उडालेली झोप, परीक्षेचं दडपण, घरातल्या पिणाऱ्यामुळे पिचून गेलेली बायको, यातल्या कुणीही बिनधास्त फोन लावावा. पण रोज पिणाऱ्याची दारू तोडायची असेल, तर नुसता फोन पुरत नाही, आणि तिथली चूक जिवावर बेतते. म्हणून त्या भागावर जरा जास्त लिहितो.

फोन लागला की आधी भाषा निवडायची. जतच्या सीमाभागात कानडी बोलणारी घरं आहेत, त्यांना कानडीही मिळते. आजीला तिच्याच भाषेत बोलू द्या. मधे बसून नातवाने भाषांतर केलं की तिचं निम्मं दुखणं गळून जातं. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो ऐकून घेतो, धोका किती आहे ते चाचपतो आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा सरकारी दवाखान्याशी जोडून देतो. गोळी मात्र तो लिहून देत नाही. ‘फोनवर एखादी झोपेची गोळी सांगा’ या आशेने लावाल, तर हिरमोड होईल.

‘टेन्शन आहे’ एवढ्या शब्दावरून पलीकडच्याला काहीही कळत नाही. कागदावर लिहून घ्या आणि मगच नंबर फिरवा. त्रास किती दिवसांपासून आहे? झोप लागत नाही, की पहाटे तीन-चारला मोडते आणि पुन्हा डोळा लागत नाही? जेवण, वजन, कामातलं मन कसं आहे? कोणत्या गोळ्या चालू आहेत? दोन आठवडे, बहुतेक सगळे दिवस, मन खाली आणि कशातच रस नाही, सोबत झोप, भूक आणि ताकद गेलेली, असं असेल तर ते नैराश्य. बँकेचा हप्ता थकला म्हणून चार रात्री डोळा न लागणं वेगळं, आणि द्राक्षं चांगली उतरूनही बागेकडे पाय न वळणं वेगळं. भीतीचा झटका ओळखायला सोपा: अचानक येतो, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरतो. खरं नुकसान नंतर होतं, कारण ‘पुन्हा येईल’ या धास्तीने माणूस एसटी, बाजार, लग्नकार्य सगळं टाळू लागतो. (पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर ईसीजी आधी, यात वाद नाही. पाचवा ईसीजी मात्र नको.)

मरणाचे विचार येत असतील तर तेही स्पष्ट सांगा. घरच्यांनीही सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याच दिवशी घरातलं आणि शेडमधलं कीटकनाशक, तणनाशक, साठवलेल्या गोळ्या कुलपात घालून किल्ली दुसऱ्या घरी द्या. टोकाची इच्छा बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि उतरते, म्हणून त्या वेळी हाताशी काही नसणं हेच मोठं औषध आहे. कुणी विषारी काही प्यायलंच तर पोलिसांच्या भीतीने ‘चुकून गेलं’ असं सांगत बसू नका, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची असते.

आता दारू. ‘थोडी घेतो’ हा फार फसवा शब्द आहे, म्हणून मापात बोला. ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे एक युनिट, म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर झाली सहा युनिट. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चार युनिट, तेव्हा ‘मी फक्त बिअर’ म्हणत दोन बाटल्या संपवणारा क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो. समुपदेशकाला तीन गोष्टी नेमक्या सांगा: रोज किती, सकाळचा पहिला घोट किती वाजता, आणि शेवटचा घोट कधी घेतला. हात कापतात म्हणून सकाळी प्यावी लागते, हे एक वाक्य बाकी सगळ्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातं.

अशा माणसाने श्रावण लागला किंवा गळ्यात माळ घातली म्हणून एका दिवसात दारू तोडली, तर निश्चय कौतुकाचा, पण शरीर तयार नसतं. दारू मेंदूवर सतत ब्रेक दाबून ठेवते. मेंदू त्याला तोंड द्यायला ॲक्सिलरेटर वाढवून बसलेला असतो. ब्रेक एकदम सुटला की गाडी सुसाट. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत कापरं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या ४८ तासांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, अंथरुणातले धागे वेचल्यासारखे हात चालतात, ताप चढतो, नाडी धावते. मांडीचं हाड मोडून दाखल झालेला माणूस ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बरळू लागतो तेव्हा घरचे म्हणतात, भूल डोक्यात गेली. कित्येकदा ती तुटलेली दारू असते, जी दाखल करताना लाजेने कुणी सांगितलेली नसते. भरती होताना डॉक्टरला रोजची दारू सांगणं हे रक्तगट सांगण्याइतकंच गरजेचं आहे.

फीट किंवा भ्रम दिसला की १४४१६ नाही, १०८ ची रुग्णवाहिका. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठायचं. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधं सुरुवातीला पुरेशा डोसमध्ये देऊन पुढच्या काही दिवसांत डोस उतरवतात. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट: ‘डॉक्टर, एक ग्लुकोजचं सलाईन लावा’ असा आग्रह धरू नका. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते, म्हणजे थायमिन, आधी इंजेक्शनने द्यायचं असतं. नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं बी-१ खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

चहात किंवा आमटीत गुपचूप कालवायची ‘दारू सोडवण्याची पावडर’ आणू नका. पुडीत काय आहे हे विकणाराही खात्रीने सांगत नाही. डायसल्फिराम, म्हणजे दारू सुटावी म्हणून डॉक्टर देतात ती खरी गोळी असली, तरी ती चोरून देणं धोक्याचं. त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं, आणि हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही येतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला हे माहीत आहे आणि मान्य आहे, त्यालाच ती द्यायची.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. व्यसनाचा आजारही २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली येतो. साखळीने बांधायला मनाई आहे, आणि नातेवाइकांना भेटता-बोलता येण्याचा हक्क आहे. ‘तीन महिने घरच्यांनी फिरकायचं नाही’ अशी अट घालणाऱ्या ठिकाणाहून सरळ परत फिरा. मिशरी आणि तंबाखूसाठी वेगळी मोफत सेवा आहे, १८००-११-२३५६, आणि त्या सवयीला तीच बरी.

टेली मानसची कमकुवत बाजू म्हणजे फोन नाडी बघू शकत नाही, हाताची थरथर बघू शकत नाही, आणि गोळी सुरू झाल्यावर ती रोज घेतली का हे बघायला घरी येऊ शकत नाही. उपचार तिथेच फसतात. नैराश्याच्या गोळीने पहिल्या आठवड्यात मळमळतं, आराम दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. त्यामुळे पाचव्या दिवशी ‘लागू पडली नाही’ म्हणून बंद करणारे पुष्कळ. बरं वाटल्यावर दुसऱ्याच महिन्यात सोडणारे त्याहून जास्त, आणि त्यांचा आजार उलटतो. बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने ती चालू ठेवायची असते. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने घेतली असेल तर ती एकदम तोडू नका, दारूसारखीच फीट येऊ शकते. डॉक्टरकडून हळूहळू उतरवून घ्या.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोळी सुरू केल्याच्या तारखेला गोल करा, चार आठवडे पुढच्या तारखेला दुसरा. मधे काही अडलं, गोळीने त्रास झाला, दवाखान्याची फेरी चुकली, की त्याच दिवशी पुन्हा १४४१६ लावा आणि आधीच्या कॉलची तारीख सांगा.