‘स्वच्छ’ची सेवा: महिन्याच्या शुल्कात काय येतं, काय येत नाही

पुण्यात दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना महिन्याचे पैसे दिले की कचऱ्याचं पुढचं सगळं त्यातच आलं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. ते शुल्क दारातून कचरा घेऊन तो पालिकेच्या गाडीपर्यंत, म्हणजे फीडर पॉइंटपर्यंत पोचवण्याचं आहे. सुका कचरा निवडून त्यातला माल भंगारवाल्याला विकला की जे येतील ते निवडण्याचे पैसे. ही सेवा कुठे उत्तम चालते आणि कुठे अडते, ते बरंचसं यावरच ठरतं.

‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. पंचायतीच्या नावात प्लास्टिक नाही. आज मात्र निवडताना सगळ्यात जास्त डोकं प्लास्टिकलाच लावावं लागतं.

निवडायला बसल्यावर आधी पुठ्ठा बाजूला होतो. खोकी उलगडून सपाट केली की ढिगाची निम्मी अडचण कमी होते. वर्तमानपत्राची रद्दी, वह्यांचा पांढरा कागद आणि इतर मिश्र कागद वेगळे ठेवतात, कारण तिन्हीचे भाव वेगळे. काचेच्या अख्ख्या बाटल्या नगावर जातात, फुटलेली काच वजनावर. मग पत्रा आणि ॲल्युमिनियम.

प्लास्टिकचे ढीग हातानेच ओळखून लागतात. प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव: पाण्याची पारदर्शक बाटली पीईटी, शाम्पूची दुधी बाटली एचडीपीई, पार्सलचा डबा बहुधा पीपी. पिशव्यांमध्ये फरक बोटांना कळतो: पीपीची पिशवी चुरगळली की कडकड वाजते, एलडीपीईची मऊ असते आणि ओढली की ताणली जाते. ही पारख नुसती भावापुरती नाही. पीईटीच्या मालात पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचे थोडे तुकडे गेले तरी पुढच्या कारखान्यात घोळ होतो. पीपी आणि पॉलिथिन (म्हणजे एचडीपीई, एलडीपीई) पाण्यावर तरंगतं म्हणून टाकीत वेगळं करता येतं. पीव्हीसी आणि पीईटी दोन्ही बुडतात. मग पीईटी वितळायच्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन आम्ल सोडतं, आणि अख्खा माल पिवळा पडतो.

मोठ्या यंत्रकेंद्रांत हेच काम फिरती चाळण, लोहचुंबक आणि इन्फ्रारेड किरणांनी प्लास्टिक ओळखणारी यंत्रं करतात. वेगात त्यांची बरोबरी हाताला जमणार नाही. पण काळा पार्सलचा डबा साधारणपणे त्या यंत्राला दिसत नाही, कारण काळ्या रंगातला कार्बन किरण शोषून घेतो. पातळ पिशव्या चाळणीच्या फिरत्या भागांभोवती गुंडाळल्या जातात आणि पट्टा थांबवून सुरीने कापून काढाव्या लागतात. हाताला या दोन्हीची अडचण नाही. घराघरातून ओला-सुका वेगळा येत असेल तर मालाच्या शुद्धतेत हातानं केलेली निवड सरस, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण हे जमतं ते कचरा कोरडा असेल तरच. आमटीचा अर्धा डबा सुक्यात पडला की त्याच्याखालची सगळी रद्दी बाद होते. ओल्या तंतूचा कागद ना विकला जात, ना ठेवता येत. टेट्रापॅकचं तेच: त्यात सुमारे पाऊण भाग कागद, बाकी पॉलिथिन आणि थोडं ॲल्युमिनियम. आत ताक राहिलं तर दोन दिवसांत वास सुटतो आणि तो पोत्यात कोणी ठेवत नाही. बाटलीचं झाकण गच्च लावलेलं असलं की आत हवा राहते, ती दाबली जात नाही आणि पोत्यात निम्मी हवाच भरली जाते. बाटली रिकामी करा, पिळून चपटी करा, मगच झाकण लावा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात टाकणं ही सगळ्यात वाईट सवय. पोत्यात हात घालणाऱ्या बाईला आत काय आहे ते दिसत नसतं. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं हातात द्यायचं. याच कामासाठी कचरावेचक महिला जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्याही बनवतात. फुटलेली काच आणि ब्लेडही असंच, कागदात बांधून, वर लिहून.

सेवेतल्या दोन उणिवा मात्र खऱ्या आहेत. पहिली जागेची. अनेक सोसायट्यांत निवडायला आडोसा नाही, म्हणून पावसाळ्यात माल रस्त्याच्या कडेला भिजतो. पार्किंगचा एक छपराखालचा कोपरा दिला तरी फरक पडतो. दुसरी उणीव न विकल्या जाणाऱ्या मालाची. वेफर्सचं पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि धातूचे चिकटवलेले थर. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्याला जवळपास भाव नाही, आणि भाव नाही म्हणजे ते निवडण्याची मजुरी नाही. सिमेंटच्या भट्टीत ते जाळता येतं, पण तिथवर पोचवायला आधी कुणीतरी हातानं वेचावं लागतं. प्लास्टिकच्या नियमांनी अशी पाकिटं गोळा करून मार्गी लावण्याची आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या पैशातून वेचणीची मजुरी थेट कचरावेचकाच्या हातात पडायला हवी. ताईंनी पाकिटं पोत्यात घेतली नाहीत म्हणून तक्रार करण्याआधी एवढं लक्षात घ्या.

दुधाच्या पिशवीला मात्र भाव आहे, फक्त ती कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. तो नखाएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही, तो थेट गटारात जातो. अर्धवट चीर द्या, दूध ओतलं की पिशवी विसळा आणि ओट्यामागच्या टाइलला चिकटवून ठेवा. वाळली की आपणच गळून पडते.