दारू सुटलेल्या माणसाला चहातून पुडी देऊ नका

मी सोलापुरात एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासते. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते. पण गप्प बसले तर दारू सुटलेल्यांचा घरी येऊन पाठपुरावा करतो म्हणणारा तो माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरेल.

माझे ३३,५०० रुपये गेले. नोंदणीचे १,१००, वर्षभराच्या 'घरपोच पाठपुराव्या'चे २४,०००, आणि २,८०० ला एक अशा तीन पुड्यांचे ८,४००. वर दवाखान्याचं बिल ४१,३००. पाटल्या तारण ठेवल्यात, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

आमच्या यांनी ऑगस्टमध्ये पुण्यात राहून उपचार घेतले. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तिथून निघताना बजावलं होतं, महिनाभर राहणं ही नुसती सुरुवात, खरं काम घरी गेल्यावर, दर महिन्याला दाखवायला या. पुणं इथून अडीचशे किलोमीटर. हे कारखान्यात मागावर. एक खाडा पडला की मजुरी कापतात, दोन पडले की मालक दुसरा माणूस बघतो. आणि इथं दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं म्हटलं की यांचं एकच, "कुणी बघितलं तर?" अर्धी गल्ली कारखान्यातलीच आहे. अशा वेळी घरी येणारा, गोड बोलणारा, "कुणाला कळणार नाही ताई" म्हणणारा माणूस भेटला, तर बाई काय करेल? मी मूर्ख नव्हते, थकले होते.

पावतीवर 'देणगी' लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. नोंदणी क्रमांक नव्हता, तेही दिसलं होतं. ऑफिसात अशी पावती मी परत पाठवली असती.

पण खरी ठेच तिथं लागली नाही. ऑक्टोबरात त्यानं पहिली पुडी दिली. पांढरी भुकटी, साधी प्लास्टिकची पिशवी, वर स्टेपलर मारलेला. नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. म्हणाला, "सकाळच्या चहातून द्या. त्यांना सांगू नका. आणि पुण्याच्या डॉक्टरांनाही सांगू नका, ते गोंधळ घालतील." मी मान डोलावली. डॉक्टरांपासून लपवायचं ते औषध कसलं, एवढा एक प्रश्न त्या वेळी तोंडातून निघाला नाही. रोज रात्री तीच जागा आठवते. ओट्याजवळ तो उभा, आणि माझ्या हातात ती पिशवी. तीन महिने मी स्वतःच्या हातानं चमचा ढवळला.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मित्रांनी आग्रह केला आणि साडेचार महिन्यांनी यांनी घेतली. अर्ध्या तासात चेहरा लालभडक, छाती धडधडायला लागली, उलट्या, मग रक्तदाब इतका खाली गेला की डोळे उघडेनात. दोन दिवस आयसीयू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना डायसल्फिराम देता का?" पुडी तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत, म्हणाले. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी. त्या गोळीनं दारूतून शरीरात तयार होणारं विष पुढं मोडतच नाही, साचत जातं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच देतात. चोरून कधीच नाही. तुमच्या घरात कुणी अशी पुडी देत असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना खरं सांगा.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद. वर्षभरात बावन्न भेटी ठरल्या होत्या, झाल्या पाच.

मग चकरा सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात विचारलं, "पैसे तुम्हीच हातानं दिले ना?" २५,१०० रोख गेले होते, म्हणून हा आपसातला व्यवहार म्हणे, कोर्टात जा. ८,४०० फोनवरून पाठवले होते, म्हणून सायबरकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटलाय, मग ठाण्यातच जा. औषधांच्या खात्यात पुडी घेऊन गेले, तर साहेब म्हणतात, "लेबल आणा." अहो, लेबल नाही हीच तर माझी तक्रार! आरोग्याच्या कार्यालयात सांगितलं, दाखल करून घेणारी केंद्रंच आमच्याकडे येतात, घरी येणाऱ्याचं आम्ही काय करणार. चार कार्यालयं, सहा खाडे, आणि एकानंही कागदावर पोच दिली नाही. नवरा मेला असता तर पोच मिळाली असती का, एवढं तरी मला कुणी सांगावं.

फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा. मी महिन्यानं लावला. व्यसनासाठी सरकारचा फुकट नंबर आहे १४४४६, मनावर ताण असेल तर १४४१६. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला एक रुपया फी नसते, तिथं जाण्यासाठी कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर उठून या. दाखल करून घेणारं केंद्र असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. "पूर्ण बरा करतो" असं लिहून देणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

हे आता परत सावरतायत, मीटिंगला जातात. कुणी बघितलं तर बघू दे म्हणतात. फक्त सकाळचा चहा स्वतः करून घेतात. मी काही बोलत नाही.

ग्राहक आयोगात मी तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. तुमच्याकडे अशी 'देणगी'ची पावती किंवा स्टेपलर मारलेली पिशवी असेल तर फेकू नका. मला कळवा, आपण मिळून जाऊ.