वेबसाइट माझी, किल्ल्या त्याच्या हातात

जुनी यांत्रिक घड्याळे दुरुस्त करणे हे माझे काम आहे. या कामात जे हाताला कळले ते कुठेतरी लिहून ठेवावे, म्हणून दोन वर्षे खपून मी सुमारे सव्वाशे लेख छायाचित्रांसह तयार केले. मुख्य स्प्रिंग कशी ओळखावी, लंबकाची टिकटिक लंगडी का होते, चावी किती वेळा द्यावी असे त्यांचे विषय होते. हे लेख वेबसाइटवर ठेवण्याचे ठरले तेव्हा मनात एवढेच होते की, घरातले घड्याळ बंद पडलेल्या माणसाने गूगलवर शोधले तर त्याला माझे पान सापडावे. याच इच्छेचा फायदा घेऊन एका माणसाने मला फसवले. ती फसवणूक वेबसाइट सुरू होण्याआधीच पूर्ण झाली होती, मला मात्र ती बऱ्याच उशिरा कळली. नवी वेबसाइट तयार करवून घेणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळे क्रमाने सांगत आहे.

हा माणूस एका परिचिताच्या ओळखीतून आला होता. त्याचे पहिलेच वाक्य खरे होते, आणि त्यामुळेच पुढच्या वाक्यांवर माझा विश्वास बसला. तो म्हणाला, ‘‘एसईओचे काम साइट सुरू झाल्यावर करायचे नसते, ते आधीच करून ठेवावे लागते.’’ एसईओ म्हणजे सर्च इंजिनांच्या निकालांत आपले पान वर यावे म्हणून केलेली कामे. त्याच्या बोलण्यात चूक काहीच नाही. प्रत्येक पानाला स्वतंत्र आणि नेमके शीर्षक देणे, पानांचे पत्ते सुटसुटीत ठेवणे, लेख एकमेकांना जोडणे, छायाचित्रांना वर्णन देणे, मोबाइलवर पान लवकर उघडते की नाही ते पाहणे आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, तयार ठेवणे ही कामे लाँचच्या आधी झालेली बरी असतात. मात्र या कामांचा परिणाम त्या काळात मोजता येत नाही, कारण साइटच अजून लोकांसमोर आलेली नसते. सांगणारा सांगेल ते मान्य करण्यावाचून गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही, आणि फसवणाऱ्याला यापेक्षा सोयीचा काळ दुसरा मिळणार नाही.

लाँचच्या दिवशीच साइट पहिल्या पानावर येईल, अशी लेखी हमी त्याने दिली. गूगलमध्ये आपली आतली ओळख आहे, असेही तो बोलण्याच्या ओघात म्हणाला. त्याच वेळी मी थांबायला हवे होते. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच एसईओ सल्लागार नेमणाऱ्यांसाठी लिहिलेल्या माहितीत स्पष्ट म्हटले आहे. पैसे घेऊन पानांचा क्रमांक वर नेणे किंवा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, अधिक वेळा पाठवणे हा व्यवहार गूगल करत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर जाहिरात असल्याची खूण असते. ही माहिती सर्वांसाठी खुली होती, पण लेखी हमी हातात आल्यावर ती शोधून वाचावी असे मला वाटले नाही.

त्याच्या कोटेशनमधली कलमे मी आता पुन्हा वाचतो, तेव्हा त्यातली हुशारी लक्षात येते. प्रत्येक कलमाला कधीकाळी काही ना काही आधार होता. ‘एक हजार सर्च इंजिनांवर नोंदणी’ हे त्यातले पहिले कलम होते. बहुसंख्य लोक मोजक्याच सर्च इंजिनांवर शोधतात, ती आपले क्रॉलर स्वतःच पाठवतात, आणि कोणालाही पत्ता भरता येईल असा गूगलचा खुला फॉर्म २०१८ मध्येच बंद झाला आहे. दुसरे कलम प्रत्येक पानात दोनशे मेटा कीवर्ड, म्हणजे वाचकाला न दिसणारे शोधशब्द, घालण्याचे होते. वेब शोधातला क्रमांक ठरवताना हे शब्द आपण विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. तिसरे कलम साइटमॅप रोज ‘पिंग’ करण्याचे, म्हणजे तो बदलल्याची सूचना गूगलला पाठवण्याचे, होते. गूगलने ती सोय २०२३ मध्ये काढून टाकण्याचे जाहीर केले. आता साइटमॅप सर्च कन्सोल या गूगलच्या सेवेत एकदा द्यावा लागतो किंवा क्रॉलरांना सूचना देणाऱ्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये त्याचा पत्ता लिहावा लागतो, एवढे पुरते. ज्या कामांचा मोबदला मी दिला, त्यातली निम्मी कामे करण्याजोगी उरलेलीच नव्हती.

तीन हजार बॅकलिंकांचे, म्हणजे इतर साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचे, कलम याहून वाईट होते. त्याने पाठवलेल्या एक्सेल तक्त्यातले काही पत्ते मी नंतर उघडून पाहिले. कुठे वर्षानुवर्षे कोणी न फिरकलेल्या फोरमवरचे बनावट खाते होते, कुठे मला न कळणाऱ्या भाषेतल्या लेखाखालची प्रतिक्रिया होती, आणि सगळीकडे दुव्याचे शब्द अक्षरशः एकच होते. क्रमांक वाढवण्यासाठी असे दुवे पेरणे गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात बसत नाही. २०१२ मध्ये आलेला पेंग्विन हा बदल मुख्यतः अशाच दुव्यांवर रोखलेला होता. आता गूगल असे दुवे बहुतेक वेळा मोजतच नाही, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर साइटवर मॅन्युअल ॲक्शनही, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाईही, होऊ शकते. जिचे एकही पान अजून उघडलेले नाही, अशा वेबसाइटला तीन हजार ठिकाणांहून दुवे यावेत यात काही विसंगती आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही.

काम सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. गूगलच्या निकालांत सर्वांत वर माझ्या लेखाचे शीर्षक होते. मी तो घरच्यांना दाखवला आणि मनापासून त्याचे आभार मानले. त्या चित्रात दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, पण मी क्रमांकाखेरीज काहीच पाहिले नव्हते. शोधाच्या चौकटीत माझ्याच लेखातले अठरा शब्दांचे एक पूर्ण वाक्य जसेच्या तसे टाकलेले होते. असे वाक्य टाकून कोणी घड्याळाची माहिती शोधत नाही, आणि ते जगात एकाच पानावर असल्यामुळे ते पान वर येणारच. दुसरी गोष्ट शीर्षकालगतच्या बारीक अक्षरांत होती. तिथला पत्ता माझ्या डोमेनचा, म्हणजे माझ्या वेबसाइटच्या नावाचा, नव्हताच, तो त्याच्या सर्व्हरवरच्या स्टेजिंग प्रतीचा होता.

हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नुकसानाचे मूळ इथे आहे. साइट तयार होत असताना तिची एक तात्पुरती प्रत चाचणीसाठी दुसऱ्या पत्त्यावर ठेवतात, तिला स्टेजिंग म्हणतात. ही प्रत पासवर्डच्या आड असावी लागते. त्याने ती उघडी ठेवली, त्यामुळे गूगलने माझे सव्वाशे लेख त्याच्या पत्त्यावर वाचले आणि इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या आपल्या नोंदींत, घेतले. एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला की गूगल त्यातला एक मूळ म्हणून निवडते आणि दुसरा सहसा दाखवत नाही. माझी खरी साइट सुरू होण्याआधीच माझे लेख दुसऱ्याच्या नावावर बसले होते.

साइट सुरू झाली आणि सहा आठवडे शोधात तिचे एकही पान दिसले नाही. सुरुवातीला त्याने सांगितले की, नव्या साइटला वेळ लागतोच. तेही अर्धे खरे होते, कारण गूगलला नवे पान वाचायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. त्यानंतर तो म्हणाला की, गूगलने साइटवर दंड लावला आहे आणि तो उठवण्याचे काम वेगळे आहे, त्याचे पैसे वेगळे पडतील. मी तेही दिले.

त्याच सुमारास माझी भाची घरी आली होती. ती वेबसाइट बनवण्याच्या क्षेत्रात काम करते. सगळे ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘मामा, सर्च कन्सोलमध्ये ओनर कोण आहे?’’ मला प्रश्नच कळला नाही. सर्च कन्सोल ही गूगलची मोफत सेवा आहे. आपली कोणती पाने इंडेक्समध्ये आहेत, कोणती नाहीत, का नाहीत आणि साइटवर काही मॅन्युअल ॲक्शन झाली आहे का, हे तिथे साइटच्या मालकाला दिसते. माझ्या साइटची तिथली नोंद त्याच्या खात्यावर होती आणि मला साधी पाहण्याचीही परवानगी दिलेली नव्हती. दंड झाला आहे की नाही, हे तपासण्याची एकमेव खात्रीची जागा त्याच्याच हातात होती.

भाचीने माझ्यासमोर ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोबॉट्स डॉट टीएक्सटी असे टाकले. पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत फक्त दोन ओळी उमटल्या. पहिल्या ओळीत यूझर-एजंट आणि त्यापुढे तारांकन होते, म्हणजे सर्व क्रॉलरांसाठी. दुसऱ्या ओळीत डिसअलाऊ आणि त्यापुढे एकच तिरकी रेघ होती, म्हणजे संपूर्ण साइट वाचण्यास मनाई. मग तिने पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून त्यात नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’, हा शब्द शोधला, तर तोही प्रत्येक पानात होता. रोबॉट्सची मनाई असल्यामुळे गूगलला पान उघडताच येत नव्हते, आणि ती मनाई काढली असती तरी नोइंडेक्समुळे पान शोधात आले नसते. सहा आठवडे ज्याला मी दंड समजत होतो, त्या या दोन कुलपांच्या किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या.

हे विसरून राहिले असेल का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. चाचणीच्या काळात लावलेले नोइंडेक्स लाँचच्या वेळी काढायचे राहणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये तर सर्च इंजिनांना परावृत्त करण्यासाठी एक चौकटच असते आणि तिच्यातली खूण अनेकांकडून तशीच राहून जाते. परंतु ती चूक ज्या प्रकारे होते ते पाहिले पाहिजे. त्यात स्टेजिंग बंद असते आणि तीच सेटिंग नकळत खऱ्या साइटवर येते. माझ्याकडे नेमके उलटे होते. स्टेजिंग सताड उघडी होती आणि मनाई फक्त खऱ्या साइटवर होती. भाचीने त्याला ईमेलवर मॅन्युअल ॲक्शनच्या अहवालाचा स्क्रीनशॉट मागितला, त्याला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी साइटच्या ॲडमिनचा माझा पासवर्ड चालेनासा झाला.

डोमेनची गोष्ट त्यानंतर उघड झाली. ‘तुम्हाला ती कटकट नको’ असे म्हणून डोमेन त्यानेच नोंदवले होते. डोमेनची सार्वजनिक नोंद कोणालाही पाहता येते. आम्ही ती पाहिली तेव्हा नोंदणीधारकाच्या जागी त्याच्या व्यवसायाचे नाव होते. ज्याच्या नावावर नोंद असते, त्यालाच डोमेनचा हक्क मिळतो. वर्षाचे पैसे कोणी दिले याला रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, लेखी किंमत नसते. मी लेखी तक्रार केली, पावत्या जोडल्या, पण करारात डोमेनचा उल्लेखच नव्हता आणि ते मला परत मिळाले नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावणेही मला शक्य नव्हते, कारण ते जुन्या डोमेनचा ताबा असणाराच लावू शकतो.

लेखांच्या मूळ फाइली आणि छायाचित्रे माझ्या संगणकावर होती, म्हणून निदान काम वाचले. नवे डोमेन मी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले. सर्च कन्सोलची पडताळणी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या तांत्रिक नोंदींत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद घालून होते आणि ती साइट सुरू नसतानाही करता येते, हे मला तेव्हा प्रथम कळले. पहिल्या वेळीही ती पहिल्याच दिवशी माझ्या खात्यावर होऊ शकली असती. ज्याला काम द्यायचे त्याला नंतर मर्यादित परवानगी देता येते आणि ती काढूनही घेता येते. स्टेजिंगवरच्या प्रतींसाठी मी गूगलकडे स्वामित्वहक्काची तक्रार दाखल केली. त्यात प्रत्येक पानाचा पत्ता स्वतंत्रपणे द्यावा लागतो, त्यामुळे ती भरायला दोन संध्याकाळी लागल्या. त्या प्रती शोधातून निघाल्यावर माझी पाने हळूहळू दिसू लागली. आज शंभराहून अधिक लेख इंडेक्समध्ये आहेत, आणि ‘भिंतीवरचे घड्याळ मध्येच थांबते’ असे शोधून आलेल्या लोकांचे प्रश्न मला येतात.

एक नुकसान मात्र अजून भरून आलेले नाही. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या पेटीत, लंबकामागे, तारीख आणि माझा पत्ता लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवण्याची माझी पद्धत आहे. लाँचच्या उत्साहात मी त्या चिठ्ठ्यांवर जुन्या डोमेनचा पत्ता छापून घेतला होता, आणि त्या चिठ्ठ्या कित्येक घड्याळांतून लोकांच्या घरी गेल्या आहेत. तो पत्ता आज उघडला तर भलत्याच जाहिराती दिसतात. त्यांतले एखादे घड्याळ तेलपाण्यासाठी परत आले की मी प्रथम लंबक उतरवतो, ओल्या फडक्याने ती चिठ्ठी भिजवून खरवडतो आणि तिच्या जागी नवी लावतो.