रील, कॅरोसेल की व्हॉट्सॲपवाली जाहिरात? आठ महिने पैसे घालून आलेला अनुभव

लॅमिंग्टन रोडला आमचं छोटं दुकान आहे, गेल्या वर्षी स्वतःच्या नावाचा एक नेकबँड आणि एक पॉवर बँक काढली आणि गणपतीच्या आधी इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिराती सुरू केल्या. ज्या एजन्सीला काम दिलं त्यांनी सगळा पैसा रीलवर लावला. व्ह्यूज धो धो आले, ऑर्डर मोजक्याच. नेकबँडचा बास ऐकवायचा म्हणून म्युझिक टाकलेलं, पण अर्धी पब्लिक लोकलमध्ये आवाज बंद करून बघते, आणि आवाज चालू असला तरी ऐकू येतो तो त्यांच्याच मोबाईलचा स्पीकर, आमचा नेकबँड नाही! शिवाय किंमत अगदी तळाला लिहिलेली, ती कॅप्शन आणि बटणांच्या मागे गेली. हे मला तीन आठवड्यांनी स्वतःच्या फोनवर बघितल्यावर कळलं, फार वाईट वाटलं.

पॉवर बँक खरी विकली ती कॅरोसेलने, म्हणजे बोटाने सरकवत एकेक कार्ड बघायची जाहिरात. त्यात १० पर्यंत कार्डं टाकता येतात, मी पाचच टाकतो. लोकांचा एकच राग असतो, १०,००० एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिता आणि फोन दोनदाही धड चार्ज होत नाही. आता तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर ५ व्होल्टला देताना ७,४०० च उरतात आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात, तर आम्ही एका कार्डवर हाच हिशोब सरळ मांडला. पुढच्या कार्डवर बीआयएस (सरकारी मानक संस्था) नंबरचा क्लोजअप, त्याच्या पुढे '३७ वॉट-अवर, विमानात केबिन बॅगेत चालते'. कमेंटमधली भांडणं जवळपास थांबली. असं रीलमध्ये सांगायला जा, माणूस कधीच पुढे सरकलेला असतो.

व्हॉट्सॲपवर नेणारी जाहिरात चांगली आहे पण उत्तर द्यायला माणूस पाहिजे, रात्री अकराला 'लास्ट प्राइस?' येतं आणि सकाळी उत्तर दिलं तर समोरच्याने दुसरीकडून घेतलेलं असतं. आणि रिपोर्टमध्ये मोजतात ते किती जणांनी बोलणं सुरू केलं ते, विक्री नाही, हे नीट लक्षात ठेवा. कलेक्शन, म्हणजे वर व्हिडिओ आणि खाली कॅटलॉगमधल्या वस्तू दाखवणारी जाहिरात, पंधरा दिवसांत बंद केली, दोन वस्तूंसाठी कॅटलॉग कशाला.

माझी मोठी चूक म्हणजे दर दोन दिवसांनी काहीतरी बदलायचो. एका ॲड सेटला (एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, म्हणजे ऑर्डर किंवा मेसेज, मिळाले तर त्याचं लर्निंग, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टिमचं शिकणं, पुरं होतं, मध्येच मोठा बदल केला की ते परत पहिल्यापासून, आणि मी रोजचे पाचशे रुपये तीन ॲड सेटमध्ये वाटत होतो, म्हणजे तिघंही उपाशी. वर १८ टक्के जीएसटी, तो बजेटमध्ये आधीच धरा.

सध्या नेकबँडला रील, पण मूक, फक्त हातात घेऊन मॅग्नेट चिकटताना दाखवतो आणि किंमत मधोमध. ज्यांनी ती पूर्ण बघितली त्यांनाच नंतर कॅरोसेल दाखवतो, त्यात बॉक्स उघडून केबल, तीन साइजचे इअर टिप, वॉरंटी कार्ड, सगळं टेबलावर मांडलेलं. पॉवर बँकेला सरळ कॅरोसेल. आता तिचं पहिलं कार्ड नव्याने बनवतोय, मागचं लेबल एवढं मोठं की माझ्या बाबांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.