परसात एकच फणस लावायचा, तर कापा की बरका?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या लाल, निचऱ्याच्या मातीत फणसाचे हे दोन्ही प्रकार जोमाने वाढतात. पूर्वेकडच्या काळ्या रानात मात्र पाणी तुंबलं की मुळं कुजतात, तिथे दोन्हीही नकोत. म्हणजे निवड मातीवर नाही, फळाचं घरात काय होणार यावर ठरते.

नुसते गरे खायचे, तळायचे किंवा बाजारात न्यायचे असतील तर कापा. गरा घट्ट, कोरडा, आठळीपासून सहज सुटणारा. तळायला फळ पूर्ण भरलेलं पण कच्चं हवं. पिकायला लागलेल्या गऱ्यात साखर वाढते, तो तेलात काळपटतो आणि मऊच राहतो. काटे रुंदावून बोथट झाले आणि टिचकीला पोकळ आवाज आला की फळ उतरवावं. कापायला कोयता लागतो. हाताला आणि पात्याला आधी खोबरेल लावावं, नाहीतर चीक सुटत नाही.

बरका पिकल्यावर हातानेच फुटतो. गरा लिबलिबीत, धागेदार, तळण्याच्या कामाचा नाही. पण रस काढावा तर त्याचाच. सांदणांना एक वाटी तांदळाचा रवा, एक वाटी रस, अर्धी वाटी गूळ, अर्धी वाटी नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ. अर्धा तास भिजवून वीस मिनिटं वाफवायचं. फणसपोळीचा रस चाळणीतून गाळून तूप लावलेल्या ताटात अगदी पातळ पसरावा, थर वाळल्यावरच दुसरा घालावा. जाड थर वरून सुकतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते. या भागात खरी अडचण पावसाची: जूनमध्ये पिकणाऱ्या झाडाचा रस पाणचट होतो, वाळवायला ऊनही मिळत नाही. पोळीसाठी मेमध्ये पिकणारं झाडच हवं.

कोवळ्या फणसाची भाजी, आमटीतल्या आठळ्या, शेळ्यांना पाला, दारं-खिडक्यांना पिवळं लाकूड यांत फरक शोधत बसू नये.

आमचं मत: एकाच झाडाची जागा असेल तर कापा, तोही कलमाचा. बांधावर जुना बरका असेल तर तो तोडू नका. कलम अशासाठी, की आठळीपासून आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. कापा पेरून बरका मिळू शकतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. कलमाला चार-पाच वर्षांत फळ लागतं. घरापासून दहा मीटर सोडून एक मीटरचा खड्डा घ्या, शेणखत घाला, रोपाची पिशवी फाडताना सोटमूळ दुखवू नका आणि कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे लगेच काढा, नाहीतर खालचं रानटी झाडच वाढून बसेल.